घर बघायला येणारी माणसं

“काकू, राग मानू नका, पण तुम्हाला घर विकायचंय की नुसती माणसं बोलवायचीत?” पायरीवर चपला चाचपता चाचपता सुजयने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो फाटकाबाहेर थांबलेल्या पार्टीच्या मागे धावला. गाडी सुरू झाली, नाचणे गावाच्या उतारावरून खाली गेली. मालिनीबाई ओटीवर उभ्याच राहिल्या. हातात कोकम सरबताचे चार रिकामे पेले होते. त्यांना वाटलं, आपण चिडायला हवं. हा सुजय कोण, तर मारुती मंदिरापाशी एका खोलीत टेबल मांडून बसलेला एजंट. लांज्याहून इथं येऊन त्याला चार वर्षंसुद्धा झाली नाहीत. पण चीड काही येईना. उलट कुणीतरी फिल्म काचेवर लावून मागचा दिवा पेटवावा आणि आतलं हाड लख्ख दिसावं, तसं झालं. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत त्यांनी दुसऱ्यांची हाडं अशी बघितली होती. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. दिवसातून साठ-सत्तर वेळा हीच तीन वाक्यं. माणसं आत यायची, शर्ट काढायची, गार पत्र्याला छाती टेकवताना शहारायची आणि तीन मिनिटांत निघून जायची. त्यातली कित्येक आयुष्यात पुन्हा दिसली नाहीत, पण त्यांच्या बरगड्या मालिनीबाईंनी मोजल्या होत्या. त्यांची स्वतःची पहिली फिल्म निघाली ती गेल्या वैशाखात, मनगट मोडलं तेव्हा. तिथल्या नव्या पोरीने ती उजेडात धरली आणि म्हणाली, “मॅडम, हाडं ठिसूळ झालीत हो.” त्या म्हणाल्या, “दिसतंय मला.”

ते मनगट न्हाणीघरात मोडलं होतं. सकाळी नवाला पाय घसरला आणि बारा वाजता कामाची काशी येईपर्यंत त्या तिथंच ओल्या फरशीवर पडून होत्या. दुखत होतं, पण दुखण्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या तीन तासांत त्यांनी कुणालाही हाक मारली नव्हती. मारली असती तर शेजारच्या सुपारीच्या बागेत कुणीतरी असतंच. पण कुणाचं नाव घ्यावं ते सुचलं नाही. काशीने त्यांना उठवलं आणि विचारलं, “बाय, आरडला नाय काय?” तेव्हा त्यांनी काहीतरी थाप मारली. मग ऋजुता, त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याहून आली. चार दिवस राहिली आणि जाण्याआधी ठरवूनच गेली. तिच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट आहे, तो आईसाठी घ्यायचा, हे घर विकायचं. मालिनीबाई हो म्हणाल्या. त्यांना खरंच पटलं होतं. श्यामरावांना जाऊन पाच वर्षं झाली होती, आंब्याची दोन झाडं आणि चार खोल्या एका माणसाला कशाला हव्यात. जांभ्या दगडाचं, वर स्लॅब घातलेलं हे घर दोघांनी आपल्या पगारातून चौऱ्याण्णव साली बांधलं होतं. त्याला ना वाडवडिलांचा इतिहास, ना भाऊबंदकी. कागद स्वच्छ होते. सुजय पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, “काकू, असं घर दोन महिन्यांत जातं. तुम्ही फक्त मधे बोलू नका.”

त्याला सात महिने झाले. ऋजुताने मोबाइलवर एक लांबलचक मजकूर पाठवला होता, घर विकताना लोक कोणत्या चुका करतात त्याचा. मालिनीबाईंनी तो चष्मा लावून नीट वाचला, एकदा नाही, बऱ्याचदा. किंमत मनाने ठरवू नये, बाजाराने ठरवावी. गिऱ्हाईक घर बघत असताना मालकाने घरात थांबू नये, माणसाला दुसऱ्याच्या घरात मोकळेपणाने कपाट उघडता येत नाही. भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवून ठेवावेत. फार बोलू नये. दोष लपवू नयेत. वाचताना त्यांना परीक्षेआधी प्रश्नपत्रिका हाती पडल्यासारखं वाटलं होतं. सगळं कळत होतं. आणि तरी पार्टी यायची म्हणून सुजयचा फोन आला की त्या सकाळपासून कामाला लागायच्या. काशीकडून ओटी पुसून घ्यायच्या, झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालायच्या, चांगली साडी नेसायच्या. सरबत तर व्हायचंच, पण हळूहळू त्याच्याबरोबर आंबापोळी आली, मग भाजणीचं थालीपीठ आलं, आणि मार्गशीर्षात चिपळूणकडून आलेलं एक कुटुंब तर दुपारी जेवूनच गेलं. कपाटं त्या स्वतःच उघडून दाखवायच्या. एका बाईने न विचारता आतल्या साड्यांवरून हात फिरवला, तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता, सुखाचा. काशी एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली होती, “बाय, आज कोन येनार नाय तर तुमचा तोंड कसा उतारला हाय.” त्या हसल्या होत्या.

सगळी माणसं त्यांच्या लक्षात होती. काजूच्या धंद्यातला एक जण भिंतींवर रुपयाचं नाणं वाजवून बघत होता, जणू भिंतीतून कुणी ओ देणार आहे. एक नवं जोडपं स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या उंचीवरून कुजबुजत भांडलं, आणि त्यांना वाटलं, भांडा, जोरात भांडा. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांना ओटीवरून समुद्र दिसत नाही याचं फार वाईट वाटलं. ते बराच वेळ पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. एका मुलीने मोरीत तोंड धुतलं आणि ओल्या चेहऱ्याने म्हणाली, “काय गार पाणी आहे हो तुमचं!” त्या रात्री मालिनीबाईंना चांगली झोप लागली होती. माणसं थांबायची वीस मिनिटं, कधी अर्धा तास. एक्स-रेच्या खोलीतल्या तीन मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त. आणि इथं आतलं दाखवणाऱ्या त्या होत्या, बघणारे दुसरे. दारातून आत आल्यावर माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात, भिंतींकडे, छपराकडे बघतात, मग हळूच त्यांच्याकडे बघतात. त्या क्षणाची त्यांना गोडी लागली होती. किंमत मात्र त्या ऐंशी लाख सांगायच्या. सुजय म्हणायचा साठ. ऐंशी म्हटलं की माणसं एकमेकांकडे बघायची, “कळवतो” म्हणायची आणि जायची. दुसरी यायची.

पण सुजयच्या त्या एका वाक्याने जे हाड दिसलं ते एवढंच नव्हतं. पेले मोरीत ठेवताना मालिनीबाईंना कळलं की त्याला अर्धंच कळलंय. उरलेलं अर्धं फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सुरुवात अगदी साधी झाली होती. पहिल्याच पार्टीतल्या बाईने झोपाळ्याकडे बघून म्हटलं, “वा, संध्याकाळी दोघं इथं बसत असाल नाही?” आणि त्या म्हणाल्या, “हो ना.” तेवढंच. श्यामराव त्या झोपाळ्यावर कधीच बसले नव्हते. पाटबंधारे खात्यात ते ड्राफ्ट्समन होते, साडेसहाला घरी यायचे, साडेसातला जेवायचे आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. भांडण नव्हतं. मारहाण, दारू, संशय, लोक ज्याला दुःख म्हणतात त्यातलं काहीच नव्हतं. गॅस संपलाय, ऋजुताची फी भरायचीय, उद्या पाणी येणार नाही, असं कामापुरतं बोलणं व्हायचं. बाकी शांत. इतकं शांत की आंब्याचं पान पडवीच्या पत्र्यावर पडलं तरी ऐकू यायचं. पण पुढच्या पार्टीला त्यांनी आपणहून सांगितलं, “इथं आम्ही रोज चहा घ्यायचो.” त्याच्या पुढच्या पार्टीला, “ते मला पेपर वाचून दाखवायचे, माझे डोळे दमलेले असायचे ना.” मग फाटकावरची मधुमालती त्यांनी माझ्यासाठी लावली, असं झालं, ती खरं तर आपसूक रुजून आली होती. मग एकदा वीज गेली तेव्हा त्यांनी रात्रभर गाणी म्हटली. लोक ऐकायचे, बायका हळव्या व्हायच्या, आणि प्रत्येक पार्टीबरोबर एकेक संध्याकाळ वाढत जायची. सात महिन्यांत मालिनीबाईंनी एक संसार उभा केला होता. ऐंशी लाख ही त्या संसाराची किंमत होती. साठ लाखांचं घर तर ज्यात त्या खरोखर राहिल्या ते होतं, आणि ते कुणी बघायला यावं असं त्यांना वाटत नव्हतं.

दोन दिवस त्यांनी सुजयचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला. तो काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, “काकू, एक बाई आहेत, एकट्याच येतील. माझ्या चुलत बहिणीचं लग्न आहे, मला जमणार नाही. तुम्ही दाखवा. पण ह्या खऱ्या घेणाऱ्या आहेत हां. उगीच घालवू नका.” मालिनीबाईंनी ठरवलं, या खेपेला काही करायचं नाही. साडी बदलली नाही. सरबत केलं नाही. भिंतीवरचा श्यामरावांचा फोटो उतरवायला म्हणून स्टुलावर चढल्या, पण मनगटाची आठवण होऊन खाली उतरल्या. फोटो राहिला.

बाई चार वाजता स्कूटरवरून आली. पस्तिशीची असेल, ओढणी कमरेला बांधलेली, हेल्मेट काढल्यावर केस घामाने चिकटलेले. “मी अक्षया बेहेरे,” ती म्हणाली. “कॉलेजात शिकवते. वडिलांना गावातून इथं आणायचंय, त्यांचे गुडघे गेलेत. मजला चढायला नको असं घर हवंय.” मालिनीबाई मोजकं बोलल्या. ही बाहेरची खोली, हे स्वयंपाकघर, ही मागची पडवी. बाई नीट बघत होती, कौतुक करत नव्हती. न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची तिने वितीने मोजली. परत ओटीवर आल्यावर ती झोपाळ्यावर बसली, पायाने हलकेच झोका दिला आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, “इथं वारा छान येतो हो.” मालिनीबाईंचा निश्चय तेवढ्यानेच सुटला. त्यांचा आवाज आपोआप मऊ झाला, गेल्या सात महिन्यांत झाला होता तसा. “संध्याकाळी तर फारच. आम्ही दोघं रोज इथंच असायचो. शनिवारी तेवढे ते पावस गावाला मठात जायचे दर्शनाला. पण कितीही उशीर झाला तरी परत आले की पहिल्यांदा इथं बसायचे. मग सगळं सांगायचे, कोण भेटलं, काय झालं.”

अक्षयाने झोपाळा पायाने थांबवला. ती उघड्या दारातून आत, भिंतीकडे बघत होती. “मघापासून मला वाटतंय,” ती म्हणाली, “हे मुळ्येकाका ना? पाटबंधारेतले? मला सुजयने नुसतं काकूंचं घर म्हणून सांगितलं, आडनाव विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. अहो, माझे वडील त्यांच्याच ऑफिसात होते. शनिवारी काका आमच्याकडे यायचे, पावसला! मठात जाऊन यायचे पाच मिनिटं, पण मग दिवसभर आमच्याकडेच. मागे नारळीखाली चटई टाकून पत्ते चालायचे.” ती हसायला लागली. “काय बोलायचे हो मुळ्येकाका! साहेबांची नक्कल करायचे तर आई पोट धरून हसायची. एकदा ते आणि बाबा नाटकातलं पद म्हणत होते, तर शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. मग काका त्या कुत्र्यांच्या सुरात पुढचं कडवं म्हणाले.”

मालिनीबाईंनी खांबाला हात लावला. ज्या माणसाबद्दल ही बोलते आहे तो त्यांनी बघितला नव्हता. शनिवारी संध्याकाळी फाटक वाजायचं, श्यामराव पिशवीतून दोन नारळ काढून ओट्यावर ठेवायचे, आणि त्या म्हणायच्या, “झालं दर्शन?” ते म्हणायचे, “झालं.” एकवीस वर्षं. “घरी नाही बोलायचे ते इतकं,” मालिनीबाईंच्या तोंडून निघून गेलं. मघाच्या त्यांच्याच बोलण्याशी ते जुळत नव्हतं, पण अक्षयाच्या ते ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी तिने दाखवलं नाही. ती सहज म्हणाली, “हो, ते सांगायचे ना. बाबा विचारायचे, अरे श्या, घरी पण अशीच टकळी चालते काय तुझी? तर म्हणायचे, छे रे, आमच्या बाईसाहेब दिवसभर मोडकी माणसं बघून येतात, त्यांना घरात शांत लागतं. म्हणून आठवड्याचं सगळं इथं बोलून घेतो. खूप मानायचे हं तुम्हाला. तुमच्याबद्दल बोलताना आवाज खाली यायचा त्यांचा.”

झोपाळ्याची कडी जरा करकरली. समोरच्या बागेत कुणीतरी सुपारीची झावळं ओढून नेत होतं, त्याचा खरखर आवाज बराच वेळ येत राहिला. मालिनीबाईंना वाटलं, आता हिने जावं. आणि वाटलं, हिने जाऊ नये, सगळं सांगावं, कोणता पत्ता कधी पडला तेही. पण त्या एवढंच म्हणाल्या, “चला, तुमचं घर नीट बघून झालं नाही.” आणि पुन्हा आत गेल्या. या वेळी त्यांनी वेगळंच घर दाखवलं. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, कपाटाआड, आषाढात ओल येते, दोनदा काम करूनही थांबली नाही. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं, प्यायला चालत नाही. पश्चिमेच्या खिडकीचं लाकूड वाळवीने पोखरलंय, वरून रंग दिलाय. न्हाणीघराची फरशी निसरडी आहे, “मी पडले होते तिथं, तीन तास.” प्रत्येक दोष सांगताना त्या तिथं हात लावत होत्या, जसं रोग्याला विचारावं, इथं दुखतं? की इथं? अक्षया मागून येत होती. श्यामरावांच्या खोलीच्या दारात आल्यावर मालिनीबाई थांबल्या. “ही त्यांची खोली. इथं ते दार लोटून बसायचे. आम्ही झोपाळ्यावर कधीच बसलो नाही हो. मी तुम्हाला खोटं सांगितलं. सगळ्यांनाच सांगत आलेय.”

अक्षयाने त्यांच्या दंडावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला. मग म्हणाली, “काकू, सुजय ऐंशी म्हणत होता. माझ्याच्याने होणार नाही.” “साठ,” मालिनीबाई म्हणाल्या. “ते ओलीचं काम करायला लागेल, त्याचे त्यातून कमी करा.”

ती गेल्यावर त्यांनी ऋजुताला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे ऋजुता घाबरूनच म्हणाली, “काय झालं? पडलीस?” “नाही गं. घर विकलं बहुतेक.” तिकडून आनंदाचे शब्द आले, ते त्यांनी ऐकून घेतले. मग विचारलं, “ऋजुता, बाबा तुझ्याशी बोलायचे?” “म्हणजे काय, आई,” ऋजुता म्हणाली. “बोलायचेच की. तू ड्यूटीवर असलीस की. सुट्टीत तर आम्ही दिवसभर... बाबा घोडा व्हायचे, आवाज काढायचे. मोठी झाल्यावर पण. मग फाटक वाजलं की म्हणायचे, आली हो आई, चला. आणि आम्ही गप्प.” “का पण?” “का म्हणजे? तूच सांगितलं होतंस ना.”

तेव्हा त्यांना ती संध्याकाळ आठवली. आठवली म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या अंगातच होती, फिल्म धुण्याच्या हायपोच्या वासासारखी, जो साबणाने जात नसे. शहाण्णव सालचा मे. लग्नाच्या वऱ्हाडाची बस दरीत कोसळली होती. दुपारी एकपासून रात्री आठपर्यंत ते लोक येत होते, एकामागून एक, शालू नेसलेले, फेटे बांधलेले. त्या श्वास घ्या म्हणत होत्या, आणि घ्यायला जमत नव्हता. नवरी एकोणीस वर्षांची होती. तिचा उजवा हात कोपरापासून मोडला होता. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना मालिनीबाईंना उगाच वाटत राहिलं की आता तिच्यावर मेंदी दिसेल. पण मेंदी फिल्मवर उठत नाही. दोन्ही हाडं तेवढी दिसली, पांढरी, स्वच्छ. घरी आल्या तेव्हा आठ वर्षांची ऋजुता श्यामरावांच्या पाठीवर बसून ओरडत होती, आणि श्यामराव खिंकाळत होते, आणि दिवा फार भगभगीत होता. त्या दारातच म्हणाल्या, “मी घरात आले की मला आवाज नको. कळलं? अजिबात आवाज नको.” न्हाणीघरात जाऊन त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आल्या तेव्हा घर शांत होतं. त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही शांत होतं. त्या आपलं वाक्य त्याच रात्री विसरून गेल्या होत्या. त्या एका रात्रीपुरतं मागितलेलं होतं ते. आणि त्या दोघांनी ते जन्मभर पुरवलं. पुढे आधीचं बोलणं-हसणं पुसट होत गेलं, तसं मालिनीबाईंना वाटायला लागलं की नवऱ्याचा स्वभावच घुमा आहे. मग त्याही घुम्या झाल्या, आणि तेवढं शांत घर बघून नवऱ्याला वाटलं असेल, हिला हेच हवंय. “आई, ऐकतेयस ना?” ऋजुता विचारत होती. “ऐकतेय,” त्या म्हणाल्या. एवढं बोलायची दोघींनाही सवय नव्हती. “बरं, ठेवते,” ऋजुता म्हणाली.

नंतरचं सगळं भराभर झालं. बँकेचं कर्ज मंजूर झालं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोघींचे फोटो निघाले, अंगठे घेतले गेले. सुजय पेढे घेऊन आला आणि ओटीवर बसून म्हणाला, “बघा काकू, मी म्हणत होतो ना.” त्या दिवशी त्यांनी त्याला सरबत दिलं. तो निघाल्यावर त्या फाटकापर्यंत त्याच्या मागे जाऊन म्हणाल्या, “आता कुणी येणार नाही ना बघायला?” तो हसला. “विकलेलं घर बघायला कशाला कोण येईल?” मग पंधरा दिवस खरंच कुणी आलं नाही. चैत्रातली दुपार जांभ्या दगडातून आत झिरपत राहायची. मालिनीबाई श्यामरावांच्या खोलीत जाऊन बसायच्या. आठवायला काही नव्हतं, हेच सगळ्यात अवघड होतं. त्यांनी रचलेल्या संध्याकाळी आता आठवूनही येत नव्हत्या, खोटं म्हणून उच्चारल्यावर त्या विरून गेल्या होत्या. आणि खऱ्या ज्या होत्या त्या सगळ्या दुसऱ्यांकडे होत्या. पावसच्या नारळीखाली, बेहेऱ्यांच्या पत्त्यांत, ऋजुताच्या लहानपणात. एका माणसाबरोबर सव्वीस वर्षं या छपराखाली राहून त्याचा हसण्याचा आवाज कसा होता ते परक्या मुलीला विचारायची पाळी यावी. दोनदा त्यांनी अक्षयाचा नंबर काढला. लावला नाही.

आवराआवरीसाठी ऋजुता शनिवारी आली. खोक्यांमध्ये वर्तमानपत्रं कोंबत, चिकटपट्टी लावत ती खोल्याखोल्यांतून फिरत होती. सामान बरंचसं काशीला दिलं, काही पुण्याला जायचं होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या फडताळासमोर ती जमिनीवर बसली आणि भांडी काढू लागली. मालिनीबाई दारात उभ्या होत्या. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की काहीही ऐकू येत नाहीये. सदतीस वर्षांची बाई स्टीलच्या ताटावर ताट ठेवत होती, वाटीत वाटी घालत होती, आणि एकाही भांड्याचा आवाज होत नव्हता. ताट टेकवायच्या आधी तिची करंगळी खाली जायची, कडेखाली, आणि मग ती करंगळी हळूच काढून घेतली जायची. किती सराईतपणे. शिकवल्याशिवाय असं येत नाही, आणि शिकवलं कुणी होतं ते मालिनीबाईंना ठाऊक होतं. पुण्यातही ती असंच करत असेल का? तिच्या नवऱ्याला, मुलांना कधी कळलं असेल का, ही बाई घरात एवढी हलक्या हाताने का वावरते?

“ऋजुता,” त्या म्हणाल्या, “आवाज कर.”

ऋजुताने मान वर केली. “काय?”

“ती करंगळी काढ. आवाज कर गं. मला चालतो.” त्या दारातून दोन पावलं आत आल्या. “तेव्हाही चालला असता. मी फक्त त्या दिवसापुरतं म्हटलं होतं.”

आई काय म्हणते आहे ते ऋजुताला कळलं असावं, कारण तिचा चेहरा आठ वर्षांच्या मुलीचा होतो तसा झाला, रडावं की रागवावं ते न कळून. हातात जेवणाचं मोठं ताट होतं. ते तिने खाली ठेवलं नाही. छातीएवढं उंच धरलं आणि सोडून दिलं. फरशीवर ते आदळलं, कडेवर उभं राहिलं आणि गरगर फिरायला लागलं, रिकाम्या घरात घणघणत, भिंतींवरून परत येत, आधी सावकाश आणि मग झरझर, कानठळ्या बसतील इतकं. दोघींपैकी कुणीही त्याच्यावर हात ठेवला नाही.